रोबोटवर चालले, क्लेमपाशी अडले

"रोबोटिक सर्जरीची तारीख व सर्जनचे नाव कळवावे." विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या टीपीएकडून हा मेल आला तेव्हा मी हसावं की रडावं अशी झाले. ह्यांची सर्जरी झालेलीच नाही. डाव्या अंगाला पक्षाघात झाला होता, आणि रोबोट होता तो चालायला शिकवणारा.

झटका झोपेतच आला. त्यामुळे गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत टळून गेली होती. हॉस्पिटलबद्दल तक्रार नाही. घरी आलो ते व्हीलचेअरवर, आणि फिजिओनेच चालण्याच्या मशीनचं सेंटर सुचवलं.

मशीन बघून मी घाबरले, हे नाही घाबरले. पेशंटला पट्टे बांधून वरून टांगतात, म्हणजे वजनाचा बराच भार मशीन घेतं. खाली ट्रेडमिल. मांडीला आणि पोटरीला यांत्रिक पाय बांधतात, ते कंबरेतून आणि गुडघ्यातून पाय हलवतात. पेशंटला जमायला लागलं की फिजिओ मशीनचा जोर कमी करत जाते. आधी मांडीच्या हाडाची लांबी मोजतात, हाडं ठिसूळ आहेत का, कातडीवर जखम आहे का ते बघतात. पट्टे काचतात, म्हणून पायभर सुती पँट घालून न्या. बांधाबांधीतच बराच वेळ जातो, तेव्हा एका तासाच्या सेशनमध्ये प्रत्यक्ष चालणं किती मिनिटं, हे पैसे भरण्याआधी विचारा.

"काकू, हे नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला आहे, त्याच्या बदल्यात नाही," असं फिजिओने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिचा अशा मशीनवरचा २०२० चा आढावा मुलाने काढून वाचून दाखवला. त्यात ६२ चाचण्या एकत्र तपासल्यात, आणि पहिल्या तीन महिन्यांत सुरू करणाऱ्यांना व अजिबात चालता न येणाऱ्यांना सर्वांत जास्त फायदा दिसतो, असं म्हटलंय. म्हणजे घाई हवी. आणि इकडे क्लेमवाल्यांना कसलीच घाई नव्हती.

आधी क्लेम सरळ नाकारला. कारण काय, तर ओपीडी उपचार पॉलिसीत बसत नाहीत. मी पॉलिसी काढून बसले. डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंत त्याच आजाराचा खर्च मिळतो, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. (तुमच्या पॉलिसीत ९० असतील, बघून घ्या.) तसं कळवलं, तर हा सर्जरीचा मेल. फोन केला.

"मॅडम, सिस्टिममध्ये रोबोटिकच्या पुढे सर्जरीच येतं."

"मग रिकामं ठेवा."

"रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही."

विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी दिली, त्यात रोबोटिक सर्जरी आहे, रोबोटिक चालणं नाही. त्यामुळे त्या रकान्यात शिरूच नका. क्लेम फिजिओथेरपीचा म्हणूनच लावा.

ते निस्तरलं तर नवीन शंका. डिस्चार्ज समरीत नुसतं "फिजिओथेरपी चालू ठेवावी" लिहिलेलं. मशीनची गरज होती असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचंच पत्र हवं. डॉक्टर परदेशात परिषदेला, त्यांच्या खालचे सही करायला तयार नाहीत. पत्र मिळालं, तर बिल चालेना. सेंटरने पॅकेजचं एकच बिल दिलेलं, आणि टीपीएला प्रत्येक सेशनची तारीख हवी, कारण साठाव्या दिवसानंतरचं कापायचं होतं! तारीखवार बिल आणि हजेरीचा तक्ता सेंटरकडून पहिल्यापासून मागून घ्या. आणि डिस्चार्जच्या दिवशीच समरीत मशीनची गरज आहे एवढं जास्त लिहून घ्या, तेव्हा डॉक्टर समोर असतात.

शेवटी मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, की महिन्याभरात उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे जाईन. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे आणि तक्रारीला पैसे लागत नाहीत. मग मात्र फाईल हलली. ६० दिवसांतलं मिळालं, नंतरचं आमच्या खिशातून.

केरळातली एक कंपनी, मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबोट बनवणारी, तीच जी-गेटर नावाचं चालण्याचं मशीन बनवते, आणि ते तिरुवनंतपुरमच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात बसवलंय. हे वाचून मला खरंच हेवा वाटला.

हे आता पायाला स्प्लिंट लावून, चार टोकांची काठी घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जातात आणि वॉचमनशी राजकारणावर भांडून येतात. मशीनने हे सगळं केलं असं मी म्हणणार नाही, घरचा व्यायामही एक दिवस चुकवू दिला नाही मी.

आणि हो, मूळ बिलं परत मिळत नाहीत. देण्याआधी झेरॉक्स काढा आणि त्यावर पोच घ्या. शिक्क्यातली तारीख नीट उमटली आहे का, तेही तिथेच उभं राहून बघा. आमची पुसट उमटली होती, आणि त्यावरूनही एक मेल आला.