स्पेनमधून रिमोट काम: व्हिसाच्या अर्जापासून हातात कार्ड पडेपर्यंत

लोक बँकेची स्टेटमेंटं जमवत बसतात आणि अर्ज अडतो तो सामाजिक सुरक्षेच्या एका कागदापाशी. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

स्पेनचा हा व्हिसा डिसेंबर २०२२ च्या स्टार्टअप कायद्यातून आला. अट अशी, की काम परदेशी कंपनीचं हवं, ती कंपनी किमान एक वर्ष चालू असलेली हवी आणि तुमचा तिच्याशी संबंध किमान तीन महिन्यांचा हवा. पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, यांपैकी एक पुरतं. इथपर्यंत बहुतेकांचं जमतं.

खरा पेच पुढे आहे. तुम्ही पगारी नोकर असाल तर स्पेनमध्ये राहतानाही तुमची सामाजिक सुरक्षेची वर्गणी मायदेशी भरली जातेय, असं मायदेशातल्या सामाजिक सुरक्षा खात्याचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळतं फक्त त्या देशाचा स्पेनशी तसा करार असेल तरच. करार नसेल तर कंपनीने स्पेनमध्ये नोंदणी करून तुमची वर्गणी भरायची, आणि हे ऐकल्यावर बहुतेक एचआर खाती फोन उचलेनाशी होतात. मग उरते फ्रीलान्सरची वाट: त्याच कंपनीशी सल्लागार म्हणून करार करायचा आणि स्पेनमध्ये ‘आउतोनोमो’, म्हणजे स्वयंरोजगारी, म्हणून नोंद करायची. करार बदलायचाच असेल तर अर्जाच्या तीन महिने आधी बदला. आदल्या आठवड्यात केलेला करार शंका ओढवून घेतो.

या वाटेला एक किंमत आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. पगारी नोकराला ‘बेकहॅम कायदा’ नावाने ओळखली जाणारी करसवलत मागता येते: ६ लाख युरोंपर्यंतच्या कमाईवर सरसकट २४ टक्के. साध्या फ्रीलान्सरला ती सहसा मिळत नाही, त्याला चढत्या दराने कर भरावा लागतो. उलट फ्रीलान्सरला २० टक्क्यांपर्यंत काम स्पॅनिश ग्राहकांचं घेता येतं, नोकराला अजिबात नाही. हा हिशेब करार बदलण्याआधी मांडा, नंतर नव्हे.

उत्पन्नाची अट किमान वेतनाच्या २०० टक्क्यांची. इथे एक गंमत आहे. २०२५ चं किमान वेतन महिना १,१८४ युरो, म्हणून लोक दुप्पट करून २,३६८ धरतात. पण ते वेतन वर्षाला १४ हप्त्यांत मिळतं. १४ हप्ते १२ महिन्यांवर पसरले की महिन्याचा आकडा होतो १,३८१ आणि त्याची दुप्पट सुमारे २,७६३. जोडीदारासाठी किमान वेतनाच्या ७५ टक्के आणखी, पुढच्या प्रत्येक माणसामागे २५ टक्के. वेतन जवळजवळ दर वर्षी वाढतं, तेव्हा काठावर राहू नका.

कागदांचा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात. पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि पदवी यांवर आधी अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, मग स्पॅनिश भाषांतर. कारण अपोस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर मागतात. भाषांतर स्पेनच्या परराष्ट्र खात्याने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. शेजारच्या भाषा संस्थेचं चालत नाही. दाखला मागच्या दोन वर्षांत राहिलेल्या प्रत्येक देशाचा हवा, शिवाय मागच्या पाच वर्षांत गुन्हा नसल्याचं स्वघोषणापत्र.

कंपनीच्या पत्रात हुद्दा, पगार, रुजू झाल्याची तारीख आणि ‘स्पेनमधून दूरस्थ काम करायला परवानगी आहे’ हे वाक्य, देशाच्या नावासकट. नुसतं ‘घरून काम करू शकतात’ लिहिलं की पत्र परत येतं. आरोग्य विमा स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा घ्या: ‘कोपागो’, म्हणजे डॉक्टरकडे दर खेपेला भरायचे पैसे नकोत आणि ‘कारेन्सिया’, म्हणजे प्रतीक्षा काळही नको. प्रवास विमा कितीही महाग असला तरी बाद.

अर्जाला दोन दारं आहेत. वकिलातीतून जास्तीत जास्त एक वर्षाचा व्हिसा मिळतो. पर्यटक म्हणून कायदेशीर आत गेलात, तर तिथूनच माद्रिदच्या यूजीई या खात्याकडे ऑनलाइन अर्ज करून थेट तीन वर्षांचा परवाना मागता येतो. दुसरं दार निःसंशय बरं, पण सगळे कागद तयार असतील तरच. अपोस्टिल मायदेशात राहिलं आणि पर्यटकाचे ९० दिवस संपत आले की धावपळ सुरू होते.

यूजीईला २० कामकाजाचे दिवस असतात. उत्तर आलं नाही तर अर्ज मंजूर धरला जातो. मात्र जादा कागद मागितला की घड्याळ थांबतं आणि उत्तराला तुमच्याकडे दहा कामकाजाचे दिवस उरतात. ही मागणी सरकारी पोर्टलवर येते. दहा दिवस उघडली नाही तरी ती तुम्हाला पोचली असंच धरतात. ईमेलवर विसंबू नका, पोर्टल रोज उघडा.

परवाना मिळाला की महिन्याभरात टीआयई, म्हणजे परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्राच्या, कार्डासाठी अर्ज करायचा. त्याआधी ‘पाद्रोन’, म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंद. त्याला भाडेकरार लागतो. काही मालक नोंदीला सरळ नकार देतात, म्हणून अनामत देण्याआधीच विचारा. अनामत कायद्याने एक महिन्याची; हंगामी करार असेल तर दोन महिन्यांची. कायम राहण्याच्या करारात दलालाची फी २०२३ पासून मालकाने द्यायची आहे. तीच फी भाडेकरूच्या गळ्यात मारता यावी म्हणून हंगामी कराराचा आग्रह धरणारेही भेटतील.

कार्डासाठी बोटांच्या ठशांची वेळ मिळवणं हा वेगळाच ताप. संकेतस्थळावर आधी प्रांत, मग कामाचा प्रकार निवडायचा. ‘तोमा दे उएयास’, म्हणजे ठसे घेणं, याऐवजी दुसरं काही टिपलं तर खिडकीवरून परत पाठवतात. वेळा फुकट असतात, विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. सोबत न्यायचं: पासपोर्ट, मंजुरीचं पत्र, ईएक्स-१७ फॉर्म, पाद्रोन, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि ७९०-०१२ या फॉर्मवर बँकेत फी भरल्याची पावती. त्या फॉर्मवर चुकीच्या रकान्यात खूण केली तर रक्कम बदलते आणि पुन्हा रांग. ठसे झाले की एक कागद हातात देतात, त्यावर ‘लोते’, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक छापलेला असतो. तुमचा लोते तयार झाला, की कार्ड आलं समजायचं. तो कागद जपा, कार्ड घेताना लागतो.

फ्रीलान्सरांनी नोंदणीच्या दिवशीच नवख्यांची सवलत मागावी: २०२५ मध्ये तीत पहिले १२ महिने वर्गणी महिन्याला सुमारे ८० युरो होती. त्या वेळी मागायची राहिली तर मागाहून मिळवणं कठीण. नोकरांनी बेकहॅमसाठी १४९ क्रमांकाचा फॉर्म सहा महिन्यांच्या आत भरावा. मुदत गेली की सवलत गेली.

ठसे आणि कार्ड यांच्यामधल्या काळात शेंगेनबाहेर जायचंच असेल तर तिकीट काढण्याआधी परतीची परवानगी काढा. तिलाही वेगळी वेळ आणि वेगळी फी आहे.