पूर-आलेख, नोंद सातवी: ३९.१० मधलं शून्य

सापडलं! माझ्या पायथन प्रोग्रामने काढलेल्या पूर-आलेखात तीन आठवडे छळणारा खड्डा काल रात्री उलगडला.

मागच्या नोंदीतला आलेख आठवत असेल. काकांच्या वहीतल्या, सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळ्या. कृष्णा ३९.९ पर्यंत चढते आणि इशारा पातळीच्या, म्हणजे ४० फुटांच्या तोंडावर एकदम ३९.१ वर घसरते. दर फुटाला हाच प्रकार. लूप तपासला, सॉर्टिंग काढलं, मॅटप्लॉटलिब (आलेख काढणारी लायब्ररी) पुन्हा टाकलं. थॉनी या पायथन एडिटरमध्ये एकेक ओळ चालवली (नवशिक्यांनी थॉनीच घ्यावं, व्हेरिएबल बदलताना डोळ्यांना दिसतं). कोडमध्ये चूक सापडेना.

ताईंना विचारायचं तर छातीत धडधड, तळहात गार. चार रात्री प्रश्न टाइप केला आणि पुसला. कॉलेजात एका सरांनी भर वर्गात "एवढंही येत नाही?" म्हटलं होतं, ते अजून कानात आहे. पाचव्या रात्री फोन बाजूला ठेवून प्रश्न आधी वहीत लिहिला: काय यायला हवं, काय येतंय, पाच ओळींचा डेटा, काय काय करून पाहिलं. "मला जमत नाही" हे कुठे लिहायलाच जागा उरली नाही, आणि श्वास जागेवर आला. तोच मजकूर ताईंना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर: "कोड ठीक आहे. टिंबानंतरचा आकडा कशाचा, ते काकांना विचार की."

काका म्हणाले, "अरे, इंच आहेत ते!"

३९.१० म्हणजे ३९ फूट १० इंच. फ्लोटला, म्हणजे प्रोग्रामच्या दशांश संख्येला, मात्र ३९.१० आणि ३९.१ एकच. किती आनंद झाला सांगू!

मग स्प्रेडशीटमधून काढलेली सीएसव्ही फाइल डीटाइप स्ट्रिंग ठेवून, म्हणजे आकडे संख्या न मानता अक्षरं मानून वाचली, टिंबावर स्प्लिट करून फूट-इंच वेगळे केले. खड्डा तसाच. स्प्रेडशीटमध्ये भरतानाच शेवटचं शून्य गळलेलं. आता प्रत्येक '.१' एक इंच की दहा, हे वहीच सांगणार. स्प्रेडशीटवर माझा विश्वास उरला नाही, पुढचं सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये.

फक्त '.१' वाल्या ओळी दुरुस्त करणार होतो, पण हे लिहिता लिहिता वाटतंय, फूट आणि इंच असे दोन वेगळे कॉलमच करावेत. इंच ११ च्या वर गेले की प्रोग्रामने थांबावं. आलेख सगळा इंचांत: इशारा पातळी ४८०, धोका पातळी (४५ फूट) ५४०. आज जेवणानंतर काका वाचणार, मी टाइप करणार. सुरुवात २०१९ पासून, पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हाची पानं.

आलेखावर देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन येतायत. तो प्रश्नही वहीत लिहून झालाय, ताईंना आजच पाठवतोय.