साडेदहाला मी उठून का जाते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गप्पा कितीही रंगल्या तरी साडेदहा वाजले की मी उठते, आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, "एवढ्यात? बरं नाही का?" नाहीतर, "पूर्वी तर तूच सगळ्यांना जागवायचीस." हे दुसरं खरं आहे. म्हणून एकदा नीट उत्तर देते, दारात चपला घालता घालता ते सांगून होत नाही.

कित्येक वर्षं मी रात्री दीडला झोपून सहाला उठत होते. तेवढी झोप मला पुरते असं मी सांगायचे, आणि मला तसं वाटायचंही. दिवसभर सगळ्यांचं करून झाल्यावर रात्रीचे ते दोन-अडीच तास माझे असायचे. त्यांच्यावर कुणाचा हक्क नव्हता. त्यामुळे "वेळेवर झोपत जा" म्हणणाऱ्याचा मला रागच यायचा.

मग एका तपासणीत रक्तदाब जास्त निघाला. दवाखान्यात आल्यावर काहींचा वाढतो, तसं असेल म्हणून डॉक्टरांनी खात्रीसाठी चोवीस तासांचं यंत्र लावलं. दंडाला पट्टा, खांद्यावरून गेलेली नळी, कमरेला डबी. ठरावीक वेळाने पट्टा आपोआप फुगायचा, की हात जिथे असेल तिथे ठेवून हवा सुटेपर्यंत थांबायचं. त्या रात्रीही मी नेहमीसारखी वाचत बसले होते. पान उलटायला हात उचलावा आणि नेमका पट्टा आवळावा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के उतरतो, असं सांगून त्यांनी अकरा वाजले होते तिथे पेन्सिलीने खूण केली. खुणेच्या पुढेही माझी रेघ दिवसासारखीच वर चालली होती. दीडनंतर ती खाली आली आणि सहाच्या आधीच पुन्हा चढायला लागली. "तुमच्या हृदयाला विसावा मिळतो तो एवढाच," ते म्हणाले. मी लगेच वाद घातला. यंत्रामुळे झोप मोडली, एका रात्रीवरून काय ठरवता? त्यांनी उत्तर दिलं नाही. रेघ उतरलेली होती तेवढ्या भागाच्या दोन्ही टोकांना पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "घरी कुणाला रक्तदाब?"

वडिलांना होता. कुणी कधी मोजलाच नव्हता. त्यांना पक्षाघात झाला तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. हातातला पेला सुटला आणि तो का सुटला हे त्यांना सांगता येईना. त्यांचा उजवा हात त्यानंतर कधी हलला नाही.

तरी मी स्वतःशी भांडत राहिले, की मला तर दिवसा झोप येत नाही, मग कमी कशी पडते? याचं उत्तर मला नंतर वाचनात सापडलं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही निरोगी माणसांना सलग 14 रात्री सहाच तास झोपू दिलं. शेवटी शेवटी त्यांचं लक्ष इतकं ढळायला लागलं, जणू ती एक-दोन रात्री अजिबात झोपलेली नव्हती. आपल्याला फारशी झोप येत नाही, असं मात्र ती सांगत होती. म्हणजे 'मला पुरते' ही माझी साक्षच कामाची नव्हती. 2015 साली अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून प्रौढांसाठी रोज किमान सात तास झोप सांगितली. त्याहून कमी झोपेशी त्यांनी रक्तदाबाबरोबर मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघातही जोडले आहेत. पक्षाघात हा शब्द आला तिथे मी वाचायची थांबले.

तुम्ही म्हणाल, मग आता रक्तदाब ठीक आहे ना? आहे. पण गोळीही त्याच सुमारास सुरू झाली, त्यामुळे गुण गोळीचा की झोपेचा, हे मला सांगता येत नाही. आणि ते माझे तास गेले ते गेलेच. पहाटे उठून वाचून बघितलं, ती मजा येत नाही. कधी वाटतं, या सौद्यात मी जरा जास्तच दिलं. रात्रपाळी करणाऱ्यांना, तान्ह्या बाळाच्या आईला मी काही सांगायला जात नाही, त्यांच्या हातात ते नसतं. माझ्या हातात आहे.

तेव्हा "अजून पाचच मिनिटं" म्हणून मला बसवून ठेवू नका. बोलायचं राहिलं असेल तर सकाळी सातला फोन करा, मी उचलते.