झोपवून काढलेला एक्स-रे

बार्शीकडचं एक जोडपं एप्रिलमध्ये ओपीडीत आलं. पिशवीत दोन एक्स-रे, एक मऊ पट्टा आणि तीन जणांचे तीन सल्ले. मुलगा 16 महिन्यांचा, नुकताच चालायला लागलेला. आठव्या महिन्यात अंघोळीआधी तेल लावताना पाठीची डावी बाजू आईच्या हाताला उंच लागली होती. ‘बसायला लागला की होईल सरळ’, असं त्यांना सांगण्यात आलं. अकराव्या महिन्यात एक्स-रे काढला, कण्याचा बाक 22 अंश. आता दुसरा काढला तर 39. पाच महिन्यांत 17 अंश वाढले म्हणून घरात कुणाला झोप नव्हती. एका ठिकाणी कण्याला धातूचे रॉड घालायचं ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्या ठिकाणी पट्टा दिला, आणि आजोबांनी माळीश करणारा माणूस ठरवून ठेवला होता.

‘थांबून बघू’ हा पहिला सल्ला चुकीचा नव्हता. तान्ह्या मुलांमधले बरेच बाक आपोआप जातात. पण थांबायचं तर पुढच्या एक्स-रेची तारीख हातात हवी. ती नसेल तर त्याला थांबणं म्हणत नाहीत, सोडून देणं म्हणतात.

दोन्ही फिल्म शेजारी लावल्या आणि आधी पोटातली हवा बघितली. पहिल्या फिल्ममध्ये ती पसरलेली होती. दुसऱ्या फिल्ममध्ये जठरात वर हवा, खाली पाणी आणि मधे सरळ आडवी रेघ. म्हणजे पहिला एक्स-रे झोपवून काढलेला, दुसरा बसवून. बसवलं की डोक्याचं आणि धडाचं वजन कण्यावर येतं आणि तोच बाक जास्त दिसतो. या दोन आकड्यांची वजाबाकी करताच येत नाही. रिपोर्टवर मूल झोपलेलं होतं की बसलेलं, याचा उल्लेख कुठेच नव्हता. दुसऱ्या रिपोर्टात तर अंशही नव्हते, नुसतं ‘डावीकडे स्कोलिओसिस’, म्हणजे कणा बाजूला वाकलेला; 39 हे फिल्मवरून वेगळे मोजलेले. लहान मुलाच्या कण्याच्या एक्स-रेवर या दोन गोष्टी न लिहिणं ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी कंजुषी आहे.

त्याच दिवशी झोपवून नवीन फिल्म काढली. कंबर सरळ, खांदे सपाट, आईनं डोकं धरलं, बाबांनी गुडघे. बाक 33 अंश. म्हणजे खरी वाढ 11 अंशांची. मोजण्यातच पाचेक अंश इकडे तिकडे होतात, पण 11 त्यात बसत नाहीत. बाक वाढत होता, फक्त घरच्यांनी समजून घेतला होता तेवढा नाही.

दुसरं मोजमाप बरगड्यांचं. बाकाच्या मध्यावर, सगळ्यात बाहेर सरकलेला जो मणका असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या त्याला किती अंशांत मिळतात ते मोजायचं आणि दोन्हींतला फरक काढायचा. लंडनमधल्या स्टॅनमोअरच्या डॉ. मिन मेहता यांनी 1972 मध्ये ही पद्धत मांडली. फरक 20 अंशांच्या आत असला तर बहुतेक बाक सुटतात, वर गेला तर बहुतेक वाढतात. आणि बाहेरच्या बाजूच्या बरगडीचं डोकं मणक्यावर चढलेलं दिसलं, तर मोजायचीही गरज उरत नाही. या मुलाचा फरक 27 अंश होता. बरगडी अजून चढलेली नव्हती.

मणके सगळे नीट घडलेले होते, अर्धा मणका वगैरे काही नाही. ते आधी बघावंच लागतं, कारण जन्मजात घडणच बिघडलेली असेल तर पुढचं सगळं गणित बदलतं. कमरेवर केसांचा पुंजका नाही, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग नाहीत, पोटावर चारी बाजूंनी खरवडल्यावर बेंबी हलत होती, म्हणजे नसांच्या किंवा मज्जारज्जूच्या दोषाची बाहेरून दिसणारी खूण नव्हती.

मग मुख्य प्रश्न, आता करायचं काय?

बाबा खूप वाचून आले होते. ब्रेसचा, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या कडक पट्ट्याचा, उपयोग होतो हे सिद्ध करणारा 2013 चा अमेरिका-कॅनडातला अभ्यास त्यांच्या मोबाइलमध्ये होता. अभ्यास चांगलाच आहे, पण त्यातली मुलं 10 ते 15 वर्षांची होती. दीड वर्षाच्या मुलाच्या बरगड्या इतक्या लवचिक असतात की ब्रेस बाजूनं दाबला तर कणा सरकायच्या आधी बरगडीच आत जाते आणि छाती अरुंद होते. शिवाय पोट गोल, कंबर नाही, ब्रेस वर सरकतो. तो काढता येतो हा आईला त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटत होता. माझ्या मते या वयात तोच त्याचा सगळ्यात मोठा दोष आहे. पिशवीतल्या मऊ पट्ट्याबद्दल बोलायलाच नको. त्यानं शर्टावर सुरकुत्या पडतात, कण्यावर काही होत नाही.

रॉड आत्ता नकोत, हे मी स्पष्ट सांगितलं. मानेखालपासून कमरेपर्यंतचा कणा पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ 10 सेंटीमीटर वाढतो, त्यानंतरच्या पाच वर्षांत जेमतेम त्याच्या निम्मा. छाती आणि फुप्फुसं याच काळात मोठी होतात. साधे रॉड दर सहा महिन्यांनी ऑपरेशन करून लांबवावे लागतात, दर वेळी मिळणारी लांबी कमी होत जाते, आणि मधे रॉड तुटणं, हुक निसटणं, जंतुसंसर्ग हे चालूच असतं. चुंबकानं बाहेरून लांबवायचे रॉड आहेत, त्यांनी वारंवारची ऑपरेशनं टळतात, पण खर्च फार आणि तुटायचे तेही तुटतात. रॉड हा प्लास्टर, म्हणजे धडाभोवती घालायचा पक्का साचा, हरल्यावरचा उपाय आहे. मधल्या काळात प्लास्टरनं दोन-चार वर्षं जरी मिळवून दिली, तरी ती मुलाच्या छातीला मिळतात.

म्हणजे प्लास्टर. 2005 मध्ये डॉ. मेहतांनी 136 मुलांचा हिशेब मांडला. त्यातली 94 मुलं सरासरी 19 महिन्यांची असताना, 32 अंशांच्या आसपास बाक घेऊन आली होती. त्यांचे बाक सुटले. उरलेली 42 उशिरा आली, सरासरी अडीच वर्षांची आणि 52 अंशांची. त्यांचे बाक उलटवता आले नाहीत, त्यातल्या 15 जणांना पुढे कणा सांधायचं ऑपरेशन लागलं. मी हे आकडे कागदावर लिहून दिले. आमचा मुलगा 16 महिन्यांचा आणि 33 अंशांचा, तो कोणत्या गटात बसतो हे बाबांना लगेच कळलं.

आईचा प्रश्न वेगळा होता. “मॅडम, दर वेळी भूल?”

दोन वर्षांच्या आत प्लास्टर साधारण दर दोन महिन्यांनी बदलतात, दोन ते तीनमध्ये दर तीन महिन्यांनी, पुढे चार. प्रत्येक वेळी पूर्ण भूल. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2016 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त भूल देण्याबद्दल इशारा दिला आहे. एकाच छोट्या भुलेनं पुढे फरक दिसला नाही, असं 2019 मधल्या मोठ्या चाचणीत आढळलं. वारंवारच्या भुलेला ते उत्तर लागू होत नाही. ‘काही होत नाही हो’ म्हणून हा प्रश्न उडवून लावणारे सहकारी मी बघते आणि मला राग येतो. मी तिला एवढंच सांगितलं की प्रत्येक भूल तासाभराची ठेवू आणि एमआरआयसाठी वेगळी देणार नाही. 20 अंशांपुढच्या बाकात एमआरआय हवाच, कारण लक्षणं काही नसतानाही मज्जारज्जूत दोष निघू शकतो, आणि असा रज्जू ताणायचा नसतो. त्यामुळे तो पहिल्या प्लास्टरच्या भुलेतच, आणि रेडिओलॉजिस्ट मशीनशेजारी बसून वाचणार.

ती म्हणाली, उन्हाळा जाऊ दे, जूनमध्ये करू. बार्शीचं मे महिन्यातलं ऊन मला माहीत आहे. मागणी अवास्तव नव्हती. पण या वयातले दोन महिने म्हणजे वाढीचे दोन महिने, आणि वाकड्या कण्याची वाढ वाकडीच होते. दोघं बाहेर जाऊन बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा बाबांनी कूलर घ्यायचं ठरवलं होतं.

एमआरआय स्वच्छ निघाला. प्लास्टरची चौकट आमच्याकडे वर्कशॉपच्या फिटरनं बनवलेली आहे: मूल पट्ट्यांवर हवेत, हनुवटीला आणि कमरेला ताण, हात वर, खाली पाठ दिसावी म्हणून आरसा. श्वासनलिकेत नळी घालावीच लागते, आणि दातांमधे गुंडाळी, नाहीतर हनुवटीच्या ताणानं नळी चावली जाते. अंगावर घट्ट बनियन, त्यावर कापसाचा पातळ एक थर. नवशिके इथेच कापूस भरतात. कापूस दबला की प्लास्टर सैल होतं आणि घासतं. कमरेच्या हाडांवर फेल्टचे तुकडे.

आधी कंबर. कमरेच्या हाडांच्या वर बोटांनी खाच पक्की बसली नाही तर वरचं सगळं फुकट जातं. मग छाती. इथे हात बाजूनं दाबायचा नाही. उंच आलेल्या बरगड्यांखाली मागून तळवा लावायचा आणि छाती पुढे फिरवायची, त्याच वेळी दुसऱ्यानं कंबर आणि खांदा उलट दिशेला धरायचा. पिळलेला टॉवेल उलगडावा तसं. प्लास्टर आवळेपर्यंतची ती काही मिनिटं भूलतज्ज्ञ सतत आकडे मोठ्यानं सांगत असतात, कारण छाती दाबली की श्वासाचा दाब चढतो. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम एकदा “सोडा” म्हणाल्या की मी सोडते, वाद नाही.

मग करवतीनं खिडक्या. पुढे पोटापासून छातीपर्यंत मोठी, श्वास आणि जेवण दोन्हींसाठी, पण खालच्या बरगड्या धरून ठेवणारी कड ठेवून. मागे बाकाच्या आतल्या बाजूला दुसरी, म्हणजे दबलेल्या बरगड्यांना मागे यायला जागा मिळते. मांडीपाशी इतकं कापायचं की मूल आरामात बसेल.

प्लास्टरमधला एक्स-रे 17 अंश.

घरी जाताना सूचना आईला दिल्या, कारण करणारी तीच. आत लहान डायपर, बाहेर मोठा. ओल्या फडक्यानं पुसणं, तेल-पावडर अजिबात नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवणं. वाळूत खेळणं बंद. आतून कुबट वास आला तर फोन, कारण तो बहुधा जखमेचा असतो. उलट्या थांबत नसतील तर लगेच जवळच्या दवाखान्यात, कारण आतड्याचा वरचा भाग दबलेला असू शकतो आणि प्लास्टर कापावं लागतं.

जूनअखेर दुसरं प्लास्टर झालं, त्यात 14 अंश. मुलगा प्लास्टरसकट पळतो. काखेखाली थोडं लाल झालं होतं, कड अजून कापली.

डोक्यात घोळतंय ते दुसरंच. ती झोपवून काढलेली फिल्म 33 ऐवजी 25 आणि बरगड्यांचा फरक 15 आला असता, तर याच मुलाला मी तीन महिन्यांनी या म्हणून परत पाठवलं असतं. बसवून काढलेले 39 मात्र तसेच राहिले असते, आणि त्या 39 वर कुणीतरी रॉड घातले असते. आता घरात ‘39 चे 14 झाले’ असं सगळ्यांना सांगतात. मी दर वेळी दुरुस्त करते: 33 चे, आणि 14 हे प्लास्टरनं धरून ठेवलेले आहेत, मुलाचे स्वतःचे नाहीत.

मुलाचे स्वतःचे किती ते तिसऱ्या प्लास्टरच्या दिवशी मोजायचं ठरलंय. जुनं काढल्यावर आणि ताण द्यायच्या आधी, झोपवून. उतरले असतील तर 10 च्या खाली येईपर्यंत प्लास्टर, मग ब्रेस. हलले नसतील तर पुढची किती प्लास्टरं घालायची आणि किती भूल द्यायची, हे तिघांनी पुन्हा बसून ठरवायचं. आईनं गणपतीच्या आधीची तारीख मागितली आहे, ती दिली आहे.