निओ-टोकियोची रात्र

कात्सुहिरो ओतोमोच्या ‘अकिरा’ या जपानी अ‍ॅनिमेशनपटातलं (१९८८) निओ-टोकियो २०१९ सालातलं, तिसऱ्या महायुद्धानंतर उभारलेलं. या शहराचा खरा जीव रात्रीत आहे. हाताने रंगवलेल्या सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, रात्र रंगवणं महाकठीण, कारण प्रत्येक वस्तूला अंधारातल्या वेगळ्या छटा लागतात. म्हणून इथे तब्बल ३२७ रंग वापरले, त्यातले ५० खास बनवलेले!

झगझगत्या दिव्यांना मात्र रंग पुरत नाही. त्या काळी आधी कॅमेऱ्याने चित्र फिल्मवर टिपत, मग फिल्म मागे घेऊन दिव्याएवढीच फट ठेवलेला काळा मास्क लावत आणि खालून प्रकाश सोडून त्याच फ्रेमला दुसरं एक्स्पोजर देत, म्हणजे तिच्यावर पुन्हा प्रकाश पाडत. मास्क केसभर सरकला की उजेड रेषेबाहेर सांडतो. एक्स्पोजर वाढलं तर लाल दिवा पांढरट पडतो.