औंधचे मूळपीठ आणि वाटेवरचे चित्रसंग्रहालय

औंधची यमाई हे आमचे कुलदैवत असल्यामुळे या गावाचे नाव लहानपणापासून कानांवर होते. पण औंधला जाणे म्हणजे देवीची ओटी भरणे आणि दुपारच्या एसटीने परत फिरणे, एवढेच आमच्याकडे ठरलेले असे. या मार्गशीर्षात आत्याला घेऊन निघाले, तेव्हा मात्र सबंध दिवस हाताशी ठेवला होता.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला जाता येते. खटाव तालुक्याचा हा मुलूख बेताच्या पावसाचा. रस्त्याच्या कडेला शाळूची ताटे वाऱ्यावर हलत होती आणि त्यांच्यामागे मूळपीठाचा डोंगर दुरूनच दिसू लागला. वर जायला गाडीरस्ता आहे, पण आत्याने पायऱ्यांचाच आग्रह धरला. गाभाऱ्यातील काळ्या पाषाणाची, मांडी घालून बसलेली देवीची भव्य मूर्ती पाहताना दम लागल्याचा विसर पडतो. जोतिबाने ‘ये माई’ अशी हाक मारली, म्हणून ही यमाई, असे गावात सांगतात.

याच डोंगराच्या उतारावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 मध्ये उभारले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तन करीत, सूर्यनमस्कारांचा त्यांनी आयुष्यभर प्रसार केला आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध व्हावी म्हणून तिला मोठे आर्थिक पाठबळही दिले. महाभारतावरील हा जिव्हाळा संग्रहालयातही जाणवतो. राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’ येथे आहे. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीच्या या चित्रासमोर आत्या कितीतरी वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “चेहरा केवढा उतरलाय गं हिचा.” चित्रांविषयी आत्या एरवी कधी बोलत नाही. पुढच्या दालनांत पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती, हस्तिदंती कोरीवकाम अशी अनेक वस्तूंची दाटी आहे आणि त्यांतच हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे. वर आईचे दर्शन घेऊन खाली उतरताना हे दुसरे मातृरूप असे अचानक भेटावे, याचे मला फार अप्रूप वाटले. एवढा ठेवा एखाद्या मोठ्या शहरात सहज शोभला असता. पण तो देवीच्या वाटेवर आहे म्हणूनच, ज्याने मुंबई कधी पाहिली नाही असा शेतकरीही नवस फेडून येताना रविवर्म्याचे मूळ चित्र पाहू शकतो. माझ्या मते या संग्रहालयाचे खरे मोल येथेच आहे.

ज्या राजाने आपला संग्रह असा रयतेच्या वाटेवर ठेवला, त्याने सत्ताही तिच्याच हाती दिली. महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना 1939 मध्ये लागू करून बाळासाहेबांनी संस्थानातील 72 गावांचा कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर उभा केला. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. कैद्यांना तेथे कुंपणावाचून शेतीवर ठेवत. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. ही हकिगत शाळेत मला कोणी सांगितली नव्हती, याची हळहळ त्या दिवशी वाटली.

उन्हे कलल्यावर गावात उतरलो. राजवाड्यालगतच्या यमाईच्या मंदिरासमोर भली उंच दीपमाळ आहे. मान पूर्ण मागे टाकल्याखेरीज तिचे टोक दिसत नाही. आत्याने तिच्या पायथ्याशी उरलेले हळदीकुंकू वाहिले. शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ अश्विनात येथे संगीत महोत्सव भरतो, हे मी तिला सांगितले, तेव्हा पिशवी आवरता आवरता ती म्हणाली, “मग अश्विनातच येऊ. आणि त्या सैरंध्रीलाही पुन्हा भेटू.”