ॲसिटोनची वाफ: चकाकी लगेच, ताकद मागाहून

थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या एबीएसच्या (एक कडक प्लास्टिक) पार्टला ॲसिटोनची वाफ दिली की थरांच्या रेघा जातात, पार्ट चकचकीत होतो. मग तो मजबूतही झाला असं लोक धरून चालतात. हे अर्धंच खरं. विरघळून एकजीव होते ती फक्त वरची कातडी. आतले थर होते तसेच राहतात. रेघांच्या खाचा बुजल्याने तडा सुरू व्हायला जागा उरत नाही, म्हणून वाकवल्यावर पार्ट कट्कन न मोडता आधी लवतो. सरळ ओढून पाहिलं तर ताकद बहुधा थोडी कमीच भरते, कारण आत शिरलेलं ॲसिटोन प्लास्टिकच्या साखळ्या सैल करतं.

एक लिटरची काचेची बरणी घ्या. आतून टिश्यू पेपर लावून त्यावर १०-१५ मिली ॲसिटोन शिंपडा. पार्ट ॲल्युमिनियम फॉइलच्या बैठकीवर ठेवा. कागदाला टेकला तर तिथे चिकटतो. साधारण अर्धा ते एक तास, दर दहा मिनिटांनी काचेतून बघत. रेघा पुसट व्हायला लागल्या की काढा, पूर्ण जाण्याची वाट बघू नका, कारण बाहेर आल्यावरही पृष्ठभाग थोडा वेळ वाहत असतो. शेगडी, हॉट प्लेट नकोच: ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, उणे २० अंश सेल्सिअस आहे आणि वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात बहुधा पाणी आणि तेल असतं. पावसाळी दमट हवेत वरची कातडी कधीकधी पांढुरकी पडते.

खरी चूक होते ती त्यानंतर. हाताला कोरडा लागतो म्हणून संध्याकाळीच स्क्रू आवळला, की भोकाभोवती बारीक तडे. आत उरलेलं ॲसिटोन आणि वरून ताण, एबीएसला हे दोन्ही एकत्र सोसत नाही. अंदाज नको, वजन करा. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, वाफ देण्याआधीचं वजन लिहून ठेवा आणि पार्ट त्या आकड्यावर परत येईपर्यंत हवेशीर जागी राहू द्या. पातळ भिंतीला एखाद-दोन दिवस पुरतात, जाड पार्टला आठवडाही लागतो. घाईने गरम केलात तर फोड येतात.

भोकं आकसतात, कोपरे गोल होतात. म्हणून ड्रिल आणि टॅप (भोकात आटे पाडणं) वाळल्यावरच.

पीईटीजी या प्रिंटिंगच्या दुसऱ्या प्लास्टिकवर ही युक्ती चालत नाही. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकला तर ॲसिटोन दाखवूही नका: पांढरं पडून ठिसूळ होतं.